पहिला चेक घेण्याआधी : ट्रॅव्हल बेसबॉल क्लबचालकांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या ट्रॅव्हल बेसबॉल क्लबांचे संचालक, मुख्य कोच आणि टूर्नामेंट भरवणारे आयोजक

स. न. वि. वि.

ऑगस्ट लागला की गावोगावी टूर्नामेंट खेळणाऱ्या तुमच्या ट्रॅव्हल क्लबांच्या ट्रायआउटच्या, म्हणजे निवड चाचणीच्या, जाहिराती सुरू होतात. शनिवारी सकाळी दोन तास मुलं धावतात, जमिनीवरून येणारे दहा ग्राउंडर उचलतात, आठ-दहा फटके मारतात, आणि त्याच संध्याकाळी ‘अभिनंदन!’ असा मेसेज येतो. त्याखाली एक ओळ असते : जागा पक्की करायची असेल तर ४८ तासांत डिपॉझिट भरा, ते परत मिळणार नाही.

तोवर घरच्यांना कळलेलं काय असतं? जर्सीचा रंग. वर्षाचा एकूण खर्च किती, किती शनिवार-रविवार जाणार, मुलगा कुठल्या जागी खेळणार, त्याच्याकडून किती चेंडू टाकून घेणार, हे विचारलं की ‘अजून ठरायचंय’ असं उत्तर येतं. फी मात्र ठरलेली असते. हे आता गप्प बसून चालवून घेण्यासारखं राहिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

याची इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवत आहोतच. मराठीत लिहिण्याचं कारण असं की एडिसन, फ्रिस्को, फ्रीमाँट अशा गावांतून मराठी घरांतली मुलं हल्ली मोठ्या संख्येने हा खेळ खेळतात. त्यांच्या आईबापांना पायचीत झोपेतही समजतं, पण दोन बॅटींवरच्या दोन शिक्क्यांतला फरक पहिली बॅट फुकट गेल्यावर कळतो. त्यांनीही हे वाचावं. आम्ही म्हणजे डगआउटमागे (टीमच्या बाकांमागे) घडीच्या खुर्चीत बसून गेमचेंजर ॲपवर स्कोअर लिहिणारे, पावसानंतर मैदानावर दंताळं फिरवणारे, टीमचा हिशेब ठेवणारे पालक. ट्रॅव्हल बॉल बंद करा असं आमचं म्हणणं नाही. गावातल्या, सगळ्यांना खुल्या रेक लीगपेक्षा तुमच्याकडे खेळ चांगला शिकायला मिळतो हे खरं आहे, आणि म्हणूनच लोक पैसे मोजतात.

आधी पैशाचं बोलू, कारण तिथे बोलायला सगळ्यांनाच संकोच वाटतो.

नमुन्यादाखल एक हिशेब. १२ मुलांची टीम, ८ टूर्नामेंट, प्रत्येकीची प्रवेश फी ६५० डॉलर : झाले ५,२००. हिवाळ्यात १२ आठवडे, आठवड्याला दीड तास इनडोअर केज (सरावाची जाळी), तासाला ८० डॉलर : १,४४०. दहा डझन चेंडू, डझनाला ६० : ६००. टीमचा विमा ३०० धरा. बेरीज ७,५४०. आता प्रत्येक मुलामागे फी २,४०० डॉलर असेल तर जमा होतात २८,८००. मधले २१,२६० डॉलर कुठे जातात? कोचचं मानधन असेल, मैदानांचं भाडं असेल, तुमच्या इमारतीचा हप्ता असेल. सगळं रास्तही असेल. पण ते लिहून द्या. तुमच्या गावात आकडे वेगळे असतील, प्रश्न हाच राहील.

शिवाय ही झाली फक्त फी. तिच्याबाहेरचा खर्च तुम्ही कधीच सांगत नाही. दोन-तीन जर्सी, दोन पँट, क्लबचं नाव छापलेली बॅग आणि हेल्मेट ‘सक्तीचं’ असतं, तेही तुमच्याच दुकानातून. मैदानाच्या दारात प्रेक्षकांचं तिकीट असतं. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर चार माणसांचं. परगावच्या टूर्नामेंटला ‘स्टे टू प्ले’ची अट असते, म्हणजे आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच, त्यांच्याच बुकिंगवाल्यामार्फत खोली घ्यायची, नाहीतर टीमला प्रवेश नाही. तेच हॉटेल बाहेरून स्वस्तात मिळत असलं तरीही. आयोजकांनो, या व्यवस्थेत तुम्हाला काही वाटा मिळतो का, हे प्रवेशपत्रिकेवर छापा. आस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीप्रमाणे अमेरिकी कुटुंबांनी २०२४ साली मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले, २०१९ पेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त. ट्रॅव्हल बेसबॉलवाल्यांना हा आकडा ऐकून हसू येईल.

बॅटचंही सांगून ठेवतो, कारण पालकांचे सर्वांत मूर्खपणाने वाया जाणारे पैसे इथले. १ जानेवारी २०१८ पासून लिटल लीगच्या, म्हणजे गावोगावच्या मुलांच्या लीगच्या, १२ वर्षांपर्यंतच्या गटांत धातूची किंवा कंपोझिट (कार्बन धाग्यांची) बॅट ‘यूएसए’ शिक्क्याची लागते. बहुतेक ट्रॅव्हल टूर्नामेंटांत मुलं ‘यू-ट्रिपल-एस-ए’ या टूर्नामेंट संघटनेच्या शिक्क्याची, चेंडू जास्त जोरात उडवणारी बॅट घेऊन येतात. ती गावातल्या लीगमध्ये चालत नाही, म्हणजे दोन्हीकडे खेळणाऱ्याला दोन बॅटी. हायस्कूलमध्ये गेलं की तिसरा शिक्का, बीबीकोर. त्यात इंचांतली लांबी आणि औंसांतलं वजन यांत तीनापेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे ३२ इंची बॅट २९ औंसांपेक्षा हलकी नको. चांगली बॅट तीन-चारशे डॉलरला पडते आणि वर्षा-दीड वर्षात मुलाला ती लहान पडते. मार्चच्या थंडीत, ६० फॅरनहाइटच्या खाली, कंपोझिट बॅट तडकायची भीती असते, तेव्हा सरावाला जुनी धातूची न्यावी. एवढं सांगायला कोचला पाच मिनिटं लागतात. बहुतेक ठिकाणी ही पाच मिनिटं बॅट घेऊन झाल्यावर मिळतात.

पावसाचं वेगळंच गणित आहे. पावसाने टूर्नामेंट बुडाली तर बहुतेक आयोजक एकही सामना झाला नसेल तर काही रक्कम कापून बाकीची परत देतात, एक झाला असेल तर साधारण निम्मी, दोन झाले की काही नाही. ही रक्कम क्लबाकडे येते. तिथून पुढे ती पालकांपर्यंत पोचते का? तुमचा क्लब ‘५०१-सी-३’ म्हणून नोंदलेली धर्मादाय संस्था असेल तर तुमचं वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ९९०, मागणाऱ्याला दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. मात्र वर्षाची जमा साधारण ५० हजार डॉलरच्या आत असली तर नुसतं ई-पोस्टकार्ड भरून भागतं, आणि त्यात हिशेबाचा तपशील नसतो. आणि क्लब खासगी कंपनी असेल तर तेवढंही नाही. धंदा करणं गुन्हा नाही; पण धंदा असेल तर मग पालकांकडून गाड्या धुण्याचे आणि लॉटरीची तिकिटं विकण्याचे कार्यक्रम करवून घेऊ नका.

आता चेंडू टाकणारा हात. या पत्रातला बाकीचा मजकूर एका तागडीत आणि हा एका.

‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक नियमावली मेजर लीग बेसबॉल (सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (हौशी खेळाची राष्ट्रीय संस्था) यांनी २०१४ साली आणली. एका दिवसात जास्तीत जास्त चेंडू : ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. चौदा वर्षांपर्यंत विश्रांतीचे दिवस असे : २० चेंडूंपर्यंत विश्रांती नको, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार. पालकांनो, हे फ्रिजवर लावून ठेवा.

टूर्नामेंटांत प्रत्यक्ष काय होतं? अनेक ठिकाणी नियम चेंडूंवर नाही, इनिंगवर (तीन गडी बाद होईपर्यंतच्या डावावर) असतो : शनिवारी तीन इनिंग टाकल्या असतील तर रविवारी पुन्हा टाकता येतात. आता बारा वर्षांचा मुलगा शनिवारी तीन इनिंगमध्ये ४८ चेंडू टाकतो. हे अगदी नेहमीचं आहे, इनिंगला १६. पिच स्मार्टप्रमाणे त्याने मंगळवारच्या आधी माउंडवर (चेंडू टाकण्याच्या उंचवट्यावर) जायचं नाही. टूर्नामेंटच्या नियमाने तो रविवारी सकाळी आठ वाजता उपांत्य फेरीत चालतो. आणि इनिंग म्हणजे तरी काय? आठ चेंडूंतही संपते, चूक, वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळणारा फुकट बेस), पुन्हा चूक असं झालं की चाळिसावरही जाते. कागदावर दोन्ही एकच.

यातही दोन फसवे भाग आहेत. पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून काढलं की त्याला कॅचर (यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा) करायचं ही जुनी खोड. कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकतो, म्हणजे हाताला विश्रांती नाहीच. एकाच सामन्यात दोन्ही करू नये असं नियमावली स्पष्ट म्हणते. दुसरा भाग म्हणजे मोजणीत न येणारे चेंडू : बुलपेनमधले (बाजूच्या सरावाच्या जागेतले), इनिंगच्या सुरुवातीचे, सकाळच्या सरावातले, ‘जरा गरम होऊन ये’ म्हणून दोनदा उठवलेल्या पोराचे.

कारण समजून घ्या, म्हणजे हा बागुलबुवा वाटणार नाही. साधारण नऊ ते तेरा-चौदाच्या वयात कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची चकती अजून कूर्चेची असते. तिला जोडलेली अस्थिबंधं आणि स्नायू तिच्यापेक्षा मजबूत असतात. दर चेंडूला ओढ बसते ती या सर्वांत कच्च्या जागेवर. आधी कोपराच्या आत दुखतं, मग वेग उतरतो, मग मुलगा कोपर खाली पाडून टाकू लागतो, चेंडू वर-वर जायला लागतात. या टप्प्यावर थांबलं तर बहुतेकदा काही आठवड्यांच्या पूर्ण विश्रांतीने भागतं. ‘बर्फ लाव आणि टाक’ म्हटलं तर हाडाचा तुकडा सुटू शकतो. मोठ्या वयात तोच भार अस्थिबंधावर येतो आणि गोष्ट १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केलेल्या, आता टॉमी जॉन नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत जाते. बर्मिंगहॅम, अलाबामाच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचरांचा दहा वर्षं मागोवा घेतला. वर्षात १०० इनिंगांपेक्षा जास्त टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला. त्याच संस्थेच्या आधीच्या एका अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या पिचरांमध्ये हात थकलेला असताना नेहमी टाकण्याची सवय ३६ पट आढळली. हे २००६ आणि २०११ चे निष्कर्ष आहेत. ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरलेली नाही.

नऊ ते बारा वयासाठी हीच नियमावली सांगते : वर्षात ८० इनिंगांच्या वर नाही, आणि वर्षातले चार महिने फेकणं पूर्ण बंद, त्यातले दोन-तीन सलग. तुमचं वेळापत्रक शेजारी ठेवा. मार्च ते जुलै मुख्य हंगाम. ऑगस्टमध्ये ट्रायआउट. सप्टेंबर-ऑक्टोबर फॉल बॉल, म्हणजे शरदातला हंगाम. डिसेंबर-जानेवारीत ‘वेग वाढवा’ शिबिर, त्याचे वेगळे पैसे. फेब्रुवारीत बुलपेन. उरला नोव्हेंबर.

इथे आमच्या बाजूचाही दोष कबूल करतो. तोच मुलगा गुरुवारी गावच्या लीगमध्ये ६० चेंडू टाकून आलेला असतो आणि काही पालक ते शनिवारी कोचला सांगत नाहीत, कारण सांगितलं तर मुलगा बाकावर बसेल. म्हणून आमची मागणी दोघांवर बंधन घालणारी आहे : प्रत्येक मुलाचा टाकलेल्या चेंडूंचा एकच पिच-तक्ता, सगळ्या टीम मिळून, दर सामन्याआधी पालकाच्या सहीने. प्रत्येक टीमचा आकडा कुणा ना कुणाच्या फोनवर असतोच, बेरीज तेवढी कुणी करत नाही. आणि आयोजकांनो, तुम्ही इनिंगचा नियम काढून चेंडूंचा लावा. कोचने मोडला तर सामना गमवावा लागेल एवढी शिक्षा ठेवा. सूचना म्हणून लिहिलेला नियम रविवारी दुपारी कुणी पाळत नाही, विशेषतः समोर अंगठ्या मांडलेल्या असताना. (आठ वर्षांच्या मुलांना विजेतेपदाच्या अंगठ्या! बोटात राहत नाहीत, आई रुमालात बांधून ठेवते.)

खेळायला किती मिळणार, हा त्यानंतरचा प्रश्न. लिटल लीगच्या नेहमीच्या हंगामात प्रत्येक मुलाला किमान खेळवण्याचा नियम आहे. ट्रॅव्हलमध्ये असा नियम नसतो, आणि ते पालकांना आधी कुणी सांगत नाही. सामन्याला वेळेची मर्यादा असते, बहुधा दीड ते पावणेदोन तास. त्यात चार-पाच इनिंग होतात. नऊच जणांचा फलंदाजी-क्रम लावला तर राखीव मुलाला एखादी फलंदाजी, तीही नशिबाने. शनिवारी पूल सामन्यांत सगळ्यांना फिरवायचं आणि रविवारी बाद फेरीला दुसऱ्या टीममधून ‘पाहुणा’ पिचर आणायचा, हे तर नित्याचं. कोच स्पर्धा जिंकायला आलाय हे आम्हाला मान्य आहे. पण १४ मुलांची फी घेऊन नऊ जणांना खेळवणार असाल तर बाकीच्या पाच घरांना ते ऑगस्टमध्ये सांगा, मेमध्ये नको. सगळ्यांची फलंदाजी लावणार की नऊ जणांची, पाहुणे किती आणि कधी, टीममध्ये जास्तीत जास्त मुलं किती, या तीन ओळी पुरेत.

याच्याच जोडीला : जो कोच क्रम लावतो तोच त्याच मुलांना तासावर खासगी शिकवणी विकतो. शिकवणी चांगली असेलही. पण ती न घेणाऱ्याचा मुलगा आठव्या क्रमांकावरून नवव्यावर गेला की घरी काय चर्चा होते, याचा अंदाज तुम्हालाही आहे. आपल्या टीमच्या मुलांना त्या कोचने पैसे घेऊन शिकवू नये.

‘एक्स्पोजर’, म्हणजे कॉलेजच्या कोचांच्या नजरेत येणं, या शब्दाबद्दल थोडक्यात. पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वन) कॉलेजचा कोच अकरावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टआधी मुलाशी थेट संपर्क करू शकत नाही. हा नियम २०२३ पासून आहे. मेजर लीगचा नवे खेळाडू निवडण्याचा ड्राफ्ट पूर्वी ४० फेऱ्यांचा होता, २०२१ पासून २० चा आहे. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरांतले सात-आठ जण कुठल्या ना कुठल्या श्रेणीच्या कॉलेज टीमपर्यंत पोचतात. तेव्हा अकरा वर्षांच्या मुलाच्या पालकांना ‘कॉलेजच्या नजरेत येईल’ म्हणून जास्तीची टूर्नामेंट विकू नका. नऊ वर्षांच्या टीमचं राष्ट्रीय रँकिंगही त्याच कपाटात ठेवा.

वेळापत्रकाचं दुखणं मराठी घरांत जरा जास्त ठणकतं. शाळेला मोठी सुट्टी उन्हाळ्यात; भारतात जायचं तर तेव्हाच, आणि तुमची मोठी स्पर्धा नेमकी जुलैत. ट्रायआउट आणि फॉल बॉलच्या मध्ये गणपती. तीन आठवडे आजीकडे जाऊन आलेल्या मुलाला ‘बांधिलकी कमी’ म्हणून मागे टाकलं जातं. तारखा डिसेंबरपर्यंत द्या, म्हणजे विमानाची तिकिटं त्याप्रमाणे काढता येतील. प्रत्येक कुटुंबाला हंगामात एक ठरावीक रजा, आधी कळवली तर दंड नाही, असं लिहून द्या. सामन्यांच्या वेळा बुधवारी-गुरुवारी लागतात हे समजू शकतो, पण एखादा सामना सकाळी आठला आणि पुढचा दुपारी तीनला असेल तर मधल्या वेळेत सावली आणि पाणी कुठे आहे ते नकाशावर दाखवा.

आणि सुरक्षा. वीज कडाडली किंवा गडगडाट ऐकू आला की सामना थांबतो, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं. नवा गडगडाट झाला की घड्याळ पुन्हा शून्यावर. वेळापत्रक मागे पडतंय म्हणून वीस मिनिटांत मुलं बाहेर काढायची नाहीत. छातीवर चेंडू बसून हृदय थांबण्याचा प्रकार विरळा असला तरी बहुतेकदा मुलांतच होतो, आणि शॉक द्यायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी घटते. मैदानांच्या संकुलात एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं, यंत्र कुठे आहे, किल्ली कुणाकडे आहे, हे पहिल्या सामन्याआधी कोचला माहीत हवं. कुलूपबंद कार्यालयातलं यंत्र नसल्यासारखंच. प्रत्येक कोचची पार्श्वभूमी-तपासणी दरवर्षी व्हावी, गैरवर्तन ओळखण्याचं प्रशिक्षण त्याने घेतलेलं असावं, आणि मुलाला एकट्याला मेसेज नको. पालक त्या गटात हवेतच. याबाबतीत ‘अजून ठरायचंय’ हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.

तेव्हा मागणी एका कागदाची आहे. ट्रायआउटच्या नोंदणीसोबतच तो मिळावा, निवडीनंतर नाही. त्यावर असावं : फी आणि तिची फोड, फीबाहेरचा अंदाजे खर्च, मुलगा दुखापतीने किंवा घर बदलल्याने सोडून गेला तर किती परत, जास्तीत जास्त किती मुलं आणि पाहुण्यांचा नियम, चेंडूंची मर्यादा, विश्रांतीचे दिवस आणि फेकणं बंद असलेले महिने, नावानिशी, तारखा, कोचांच्या तपासणीचं वर्ष, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव, जी स्वतः कोच नसेल. डिपॉझिटसाठी ४८ तासांऐवजी सात दिवस.

बदल्यात आमच्याकडून : हप्ते वेळेवर. अंपायरवर ओरडणं नाही. जाळीमागून ‘कोपर वर!’ असं शिकवणं नाही. खेळण्याच्या वेळेबद्दल तक्रार सामन्यानंतर २४ तास उलटल्यावरच. आणि पिच-तक्त्यावर खरा आकडा.

तुमच्यातले काही क्लब यातलं बरंचसं आजही करतात. त्यांना हा कागद लिहायला अर्धा तास पुरेल. बाकीच्यांना जास्त वेळ लागणार असेल तर ट्रायआउटची तारीख पुढे ढकला. येत्या ऑगस्टमध्ये मुलं घेऊन आम्ही येऊच. कागद हातात पडेपर्यंत डिपॉझिट मात्र थांबेल.

कळावे,
आपले,
ट्रॅव्हल बेसबॉल खेळणाऱ्या मुलांचे अमेरिकेतले मराठी पालक